कॅप्टन पेनवर्दींचं पुस्तक

"हे पुस्तक आहे का थट्टा?" नानामामांनी विचारलं आणि ते जाडजूड निळं पुस्तक काउंटरवर असं आपटलं की फरामरोजशेठच्या कपाखालची बशी वाजली.

फरामरोजशेठने चष्म्यावरून पाहिलं. "काय झाला साहेब? सगळे मोठे स्टीमरवाले तेच नेते."

"पान दोनशे चौदा. ऐका. 'या खाडीत लहान नौकांना प्रवेश शक्य आहे. स्थानिक माहितगाराचा सल्ला घ्यावा.' पुढची खाडी. 'स्थानिक माहितगाराचा सल्ला घ्यावा.' त्याच्या पुढची? तेच! अहो, मी पुस्तक कशाला घ्यायचं? पुस्तकाने मला 'गावात जाऊन विचारा' सांगावं म्हणून?"

मी शेजारी स्टुलावर बसून डब्यातली भाजीपोळी खात होते. १९७६ सालचा नोव्हेंबर महिना. मी पंचवीस वर्षांची, फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत टायपिस्ट. दोन गल्ल्या पलीकडे फरामरोजशेठचं जहाजी सामानाचं दुकान होतं आणि त्या महिन्यात माझी जेवणाची सुट्टी रोज तिथेच जात होती, कारण माझे मामा तिथे मुक्कामालाच असल्यासारखे होते.

नानामामा म्हणजे विश्वनाथ गुप्ते. आयुष्यभर जमीन मोजायची नोकरी केली आणि निवृत्त होताच एका मायदेशी परतणाऱ्या गोऱ्याकडून शिडाची होडी घेतली. तिचं नाव 'टिटवी'. एक डोलकाठी, तिघांना कसंबसं झोपता येईल एवढी जागा. जानेवारीत ती थळहून मालवणपर्यंत न्यायची, किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज एका खाडीत मुक्काम करत, असा बेत होता. मी शीड ओढायला. पोहता येणारी आणि नाही म्हणता न येणारी अशी घरात मी एकटीच होते.

समुद्राच्या नकाशांना मामा 'चार्ट' म्हणत. चार्ट निवडायला त्यांना अकरा दिवस लागले. अख्ख्या किनाऱ्याचा एक मोठा, मग खाड्यांचे चार. प्रत्येकाच्या कोपऱ्यात मोजणी कोणत्या साली झाली ते बारीक अक्षरात छापलेलं असे. ते भिंगाने वाचायचे, वहीत लिहायचे, मग नाक मुरडायचे. एक चार्ट तर कोणीतरी त्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती म्हणून परत केला. "ही रेघ कोणाची? कधीची? कशाच्या आधाराने?" फरामरोजशेठने खोडरबर पुढे केला, तेव्हा मामा आणखीच दुखावले.

चार्ट झाले, पण वाटाड्या पुस्तक मिळेना. कुठे शिरायचं, कुठली खूण धरायची, नांगर कुठे टाकायचा, हे लहान होड्यांना सांगणारं पुस्तक त्यांना हवं होतं, आणि ते कोणी लिहिलेलंच नव्हतं.

खरं तर स्थानिक माहितगार आमच्या होडीवरच असणार होता. मामीने अटच घातली होती: "हिरामण नाखवा बरोबर असतील तर जा. नाहीतर तुमची ती टिटवी अंगणात ठेवा आणि तिच्यात बसून चहा प्या."

हिरामण नाखवा, म्हणजे हिरामण तांडेल, थळचे. कौलं आणि मीठ वाहणाऱ्या गलबतांवर चाळीस वर्षं काढलेले. साठीच्या घरातला, काटक, डोळ्यांत सदा काहीतरी खोडी असलेला माणूस. मामांनी त्यांना घरी बोलावून रीतसर चौकशी केली होती.

"नाखवा, वेळण्याच्या खाडीत पाणी किती?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती वाव खोल?"

"आपल्याला जायाला पुरंल इतकं."

"हे कधीचं?"

"कवाचं म्हंजे? हायच."

नाखवा गेल्यावर मामा म्हणाले, "चांगला माणूस आहे. पण मिनू, तोंडी माहितीला तारीख नसते. उद्या चुकलं तर कोणाला धरायचं? कागदाला धरता येतं."

मला नाखवांबद्दल वाईट वाटलं, मामांचं हसू आलं, आणि या दोन्हींच्या मधून ती कल्पना डोक्यात शिरली. कागदच हवा ना? मग देऊ.

पुढचे चार रविवार मी थळला गेले. नाखवा जाळी विणत बसायचे आणि मी विचारायची. ही खाडी, ती खाडी, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय टाळायचं. त्यांना वाटलं, पोरीला हौस आहे. त्यांची पत्नी वाटीत खारवलेले बोंबील भाजून द्यायची आणि म्हणायची, "एवढा तर यांनी मना पन कवा सांगितला नाय." चौथ्या रविवारी माझी वही भरली.

मग कचेरी सुटल्यावर मी ते सगळं इंग्रजीत टाईप करायला बसले. लेखकही तयार केला. कॅप्टन आर्थर पेनवर्दी. लहानशा शिडाच्या होडीतून कोकण किनारा तीनदा पालथा घातलेला, साल १९३८. स्वभावाने तिरसट, चहाचा शौकीन, आणि वाक्यं अशी की प्रत्येकाच्या शेवटी मिशीला पीळ दिल्यासारखं वाटावं. खरं सांगते, त्या दोन आठवड्यांत मी त्या माणसाच्या जवळजवळ प्रेमात पडले होते.

बांधणीवाल्याकडून अर्धं चामडं लावून घेतलं, पानांना चहाचं पाणी दिलं, पोटमाळ्यावर आठवडाभर धूळ खाऊ दिली, आणि ते बाड फरामरोजशेठपुढे ठेवलं.

त्यांनी चार पानं वाचली. पाचवं वाचताना त्यांचं पोट हलायला लागलं.

"बेटा, हे कॅप्टन मेला केव्हा?"

"म्हणजे?"

"मेला तर पायजे ना! नायतर तुझा मामा त्याला चिठ्ठी लिहिल."

हे मला सुचलंच नव्हतं. मी त्याच दुपारी एक टीप टाईप करून पहिल्या पानावर चिकटवली: लेखक १९४२ साली युद्धात समुद्रावर कामी आले. वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

दोन दिवसांनी मामा ते पुस्तक छातीशी धरून आमच्या घरी आले. "मिनू, याला म्हणतात माणूस! एकेक खूण, एकेक अंतर, तारखेसकट. फरामरोजच्या मागच्या कपाटात पडलं होतं. त्याला कल्पना नाही त्याच्याकडे काय होतं."

मी पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ पीतच राहिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. मामा सुकाणूवर, मांडीवर चार्ट, गुडघ्याखाली पेनवर्दी. पहिल्याच दिवशी एका बुडत्या खडकाजवळून जाताना त्यांनी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, "'हा खडक भरतीला झाकला जातो, पण त्यावरचं पाणी इतर पाण्यापेक्षा गुळगुळीत दिसतं, इस्त्री केल्यासारखं.' पाहा नाखवा, काय निरीक्षण आहे!"

नाखवांनी विडी ओठातून काढली. इस्त्रीची उपमा त्यांचीच होती. त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दोर गुंडाळायला लागले.

"हुशार दिसतो सायेब," नाखवा सावकाश म्हणाले. "आनि काय काय बोलतो?"

त्यानंतर रोज तेच. मामा वाचायचे, नाखवा मान डोलवायचे. "अगदी बराबर. ह्याला कोनी सांगितला असंल?" किंवा, "मेला म्हंता? दर्यात? अरेरे." असं म्हणून त्यांनी टोपीसुद्धा काढली. मला हसू आवरायला शिडामागे जावं लागलं. एकदा मामांनी तर कहरच केला. म्हणाले, "नाखवा, तुम्ही चाळीस वर्षं काढलीत, पण पेनवर्दीकडून तुम्हालाही शिकण्यासारखं आहे."

"हाय ना सायेब. रोज शिकतोय."

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी एका निर्जन पुळणीवर पेनवर्दींनी गोड्या पाण्याचा झरा असल्याचं लिहिलं होतं. मामा डबा घेऊन उतरले. दोन तास खडक पालथे घालून, गुडघा खरचटून, रिकाम्या डब्याने परत आले. "अडतीस सालानंतर आटला असणार," असं म्हणून पुस्तकाच्या समासात तारखेसह नोंद केली. नाखवा त्या वेळी दुसरीकडेच पाहत होते.

चौथ्या दिवशी आम्ही वेळण्याच्या खाडीपुढे आलो. दुपारचे साडेतीन झाले होते. सकाळपासून वारा मंद होता, तो जेवणानंतर उत्तरेकडून अचानक वाढला. मागून लाटा 'टिटवी'चा पार्श्वभाग उचलून पुढे ढकलत होत्या. पुढचा निवारा तीन तासांवर, आणि ओहोटी लागायला जेमतेम अर्धा तास. आत शिरायचं तर आत्ताच.

खाडीचं तोंड रुंद होतं. पण त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ अधूनमधून उठायची आणि विरायची.

"चार्टवर मध्येच बारा फूट पाणी आहे," मामा म्हणाले. "आणि पेनवर्दी काय म्हणतो? 'गावातल्या शाळेचं लाल छप्पर आणि टेकडीवरचा एकटा वड एका रेषेत धरून सरळ आत यावं.' तो बघ वड! आणि ते छप्पर. चार्टही तेच, पुस्तकही तेच. आणखी काय हवं?"

त्यांनी सुकाणू वळवलं. होडीचं नाक त्या पांढऱ्या रेघेकडे झालं.

मी उठून उभी राहिले. कारण वड नाखवांनी सांगितलेलाच नव्हता. त्यांनी सांगितली होती पाण्याची टाकी. "शाळंचं छप्पर आनि पान्याची टाकी एका रेघंत," हे त्यांचे शब्द. पण टाकी गावाने दहा वर्षांपूर्वी बांधलेली. १९३८ सालच्या कॅप्टनला ती कुठून दिसणार? म्हणून मी टाकी खोडली आणि तिथे एक वड लावला. टेकडीवर कुठेतरी वड असतोच, आणि तिथे पोहोचू तेव्हा नाखवा असतीलच, असं वाटलं होतं. वड होता. फक्त टाकी खाडीच्या उत्तर अंगाला होती आणि वड थेट दक्षिणेच्या टेकडीवर.

"सायेब, टाकी धरा," नाखवा म्हणाले. "डाव्या अंगाला. खडकाच्या कडंकडंनं वाट हाय. मदी वाळू आलीय."

"नाखवा, कृपा करून आत्ता मध्ये बोलू नका."

"तो फेस बघा."

"वाऱ्याचा आहे."

नाखवांनी पुढे येऊन सुकाणूला हात घातला असता तर मामांनी सोडलं नसतं, आणि त्या झटापटीत होडी आडवी झाली असती. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ते जागचे हलले नाहीत. मानच फक्त माझ्याकडे वळवली. डोळ्यांतली नेहमीची खोडी कुठल्याकुठे गेली होती.

"बाय," ते म्हणाले, "तुझ्या त्या सायबाला सांग, टाकी."

मी मामांसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले. "नानामामा, वड खोटा आहे. पेनवर्दी खोटा आहे. ते पुस्तक मी लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "घाबरू नकोस मिनू. आत पोहोचलो की चहा करू."

"मी टाईप केलंय मामा! सगळं नाखवांनी सांगितलेलं आहे. वड तेवढा माझा आहे."

"तुला होडीतलं काय कळतंय? 'इस्त्री केल्यासारखं पाणी' तुला सुचेल?"

"नाखवांना सुचलं! पुढचं वाक्य मी सांगते. 'आत आल्यावर नांगर देवळासमोर टाकावा. तिथला चिखल चांगला आहे, पुजारी मात्र बडबड्या आहे.' बघा आहे का!"

त्यांनी पान पाहिलं. ते वाक्य तिथे होतं. तरी ते म्हणाले, "तू चोरून वाचलं असशील."

लाट फुटल्याचा आवाज आता स्पष्ट येत होता. पुढे पाण्याचा रंग चहात दूध पडल्यासारखा झाला होता.

"होडीच्या नोंदणीचा तुमचा अर्ज मी टाईप केला होता," मी ओरडले. "तुम्ही मला रागावला होतात, आठवतं? आमच्या मशीनचा ई ओळीच्या वर उडी मारतो म्हणून! पुस्तकातला ई बघा!"

त्यांनी पाहिलं. एकच क्षण. त्या पानावर साठ-सत्तर तरी ई असतील, आणि ते सगळे उडी मारत होते.

त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. राग नंतर आला. आधी जे आलं ते पाहवत नव्हतं. कोणीतरी जवळचं गेल्याची बातमी कळावी तसं काहीतरी. मग ते नाखवांकडे वळले आणि त्या प्रवासात पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "कुठली टाकी?"

"ती, भुरकट. सुकानू माझ्याकडं द्या. बाय, शीड सैल कर. अजून. हां, धर आता!"

'टिटवी' एवढी कलली की माझा एक हात पाण्यात गेला. उजव्या अंगाला वाळूवर लाट फुटली आणि आम्ही तिघेही भिजलो. खालून एकदा खरखर असा लांब आवाज आला, दात घासल्यासारखा. मग आवाज थांबला. डावीकडे हातभर अंतरावर काळे खडक मागे सरकत होते, आणि छपरावर टाकी अशी बसली होती जणू कोणी मोजून ठेवली आहे.

दहा मिनिटांनी आम्ही देवळासमोरच्या संथ पाण्यात नांगर टाकला. मामा पुढच्या बाजूला जाऊन बसले. संध्याकाळी मी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. नाखवांनी केलेला घेतला. रात्रीच्या खिचडीलाही तोच नियम. मी माफी मागितली. ते म्हणाले, "झोप आता." इतकंच.

सकाळी मला जाग आली ती पाण्यात काहीतरी पडल्याच्या आवाजाने. वाटलं, पुस्तक गेलं. बाहेर येऊन पाहते तर मामा दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजत होते. नाखवा जागा दाखवत होते, मामा फूट मोजून वहीत लिहीत होते. 'वेळणे. टाकी व छप्पर एका रेषेत. सांगणार: हिरामण तांडेल, थळ. तपासणार: वि. गुप्ते.' खाली तारीख.

मला पाहून ते म्हणाले, "बस. तुझ्या कॅप्टनचं एकेक पान काढ. यात आणखी तुझं काय काय आहे ते सांग."

"वडाशिवाय काही नाही मामा. शपथ. आणि चहाविषयीची मतं."

"झरा?"

"तो नाखवांनी सांगितला होता."

आम्ही दोघांनी नाखवांकडे पाहिलं. नाखवा विडी पेटवायला लागले. वारा नसतानाही त्यांना तीन काड्या लागल्या.

"लय विचारायची ही पोर," शेवटी ते म्हणाले. "दर रविवारी. 'आनि काय, नाखवा? आनि काय?' मंग काय तरी सांगायला पायजे ना. झरा बरा वाटला."

मी मामांच्या गुडघ्यावरच्या खपलीकडे पाहिलं आणि आता होडी उलटणार असं मला वाटलं. मामांच्या नाकपुड्या फुगल्या. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. असं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. देवळातला पुजारीसुद्धा बाहेर येऊन बघायला लागला.

हसू ओसरल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि शिशाचा गोळा बोटाने फिरवायला घेतला.

"तुम्हा दोघांना म्हणून सांगतो," ते म्हणाले. "तुझ्या मामीलाही माहीत नाही. मी बावीस वर्षांचा होतो, एका छोट्या संस्थानाच्या मोजणीत. मे महिना. एका डोंगराची उंची राहिली होती. वर चढवेल असं ऊन नव्हतं, आणि खाली आंब्याखाली छान सावली होती. मी सावलीत बसून आकडा लिहिला. साहेबांनी सही केली. पुढे संस्थान गेलं, नकाशे नवे छापले, पण आकडा तोच. अजून तोच छापतात. दर नव्या आवृत्तीत मी आधी तो डोंगर बघतो."

नाखवांची विडी विझून गेली होती.

"किती उंची लिहिलीत?" मी विचारलं.

"एक हजार आठशे तेरा फूट."

"तेरा? तेरा कुठून आणलेत?"

मामांनी शिसं पुन्हा पाण्यात सोडलं आणि दोरी मोजत म्हणाले, "नुसते अठराशे लिहिले असते तर कोणाचा विश्वास बसला असता?"